शंखाने न खाल्लेले आम्ल

१

सुट्टी संपून संग्रहालय उघडले, आणि उलट्या पिळाचा शंख नाहीसा झाल्याचे सगळ्यात आधी घासूकाकांना कळले. साफसफाईच्या खोलीत आम्लाचा टब झाकण लावून ठेवलेला होता. त्यांनी झाकण उचलले. आत जाळीची परडी लोंबत होती, तिच्या कडीला शंखाची ओळखचिठ्ठी दोऱ्याने बांधलेली होती, आणि परडी रिकामी होती.

जगातले बहुतेक शंख उजवीकडे पिळलेले असतात. लाखात एखादा डावीकडे वळतो. हा तसला होता, वजनाने वीस ग्रॅम, मुठीत लपेल एवढा. मोठ्या शहरातल्या संग्रहालयाने तो मागितला होता, आणि न्यायच्या आधी त्याच्यावरची चुनखडीची पुटे काढायची होती. ते काम काकांचे. आयुष्यभर शंखशिंपले घासून त्यांच्या बोटांचे ठसेही घासले गेले होते, म्हणून ते घासूकाका.

काका शपथेवर सांगत होते की शंख त्यांनी टबात सोडलाच नाही. तो शेजारच्या खणात ठेवला होता, काम सुट्टीनंतर करायचे होते. संचालकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की वय झाले की माणूस विसरतो. शंख म्हणजे चुना, आम्लात दोन दिवस पडला की उरतो काय? हा अपघात आहे. अपघात करणाऱ्याला ठेवून घेता येत नाही, तेव्हा काकांनी संध्याकाळपर्यंत मागची खोली रिकामी करावी.

संचालक दुष्ट नव्हते, व्यवहारी होते. चोरी म्हटली की चौकशी वरपर्यंत जाते, पहाऱ्यापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना उत्तरे द्यावी लागतात. अपघात एका म्हाताऱ्यावर मिटतो.

मागची खोली म्हणजे काकांचे घर. दुसरे नव्हते. बायको नाही, मूल नाही, भाऊ होता तो कधीच गेला. एक पलंग, एक शेगडी, आणि साफसफाईच्या खोलीला लागून फळ्यांची भिंत. काकांनी ट्रंक बाहेर ओढली आणि तिच्यात काय भरायचे ते न सुचून तिच्यावरच बसले.

मोठ्या संग्रहालयाला मात्र नुसते संचालकांचे म्हणणे चालणार नव्हते. शंख खरोखर विरघळला, असे कोणा जाणकाराने मोजून लिहून द्यायला हवे होते. म्हणून संचालकांनी एक फोन केला.

२

फोन ज्या घरात वाजला त्या घरात तो क्वचितच वाजे. बाईंनी तो तिसऱ्या घंटेपर्यंत वाजू दिला. पहिल्याच घंटेला उचलला तर समोरच्याला वाटेल की इथे कोणी फोनचीच वाट बघत बसले आहे.

पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत त्यांची हयात गेली होती. तिथे त्यांना लिटमस म्हणत, कारण कोणी आंबट बोलले की त्यांचा चेहरा लाल होई आणि लपत नसे. प्रयोगशाळा बंद पडली, लिटमसबाई घरी बसल्या. पण रोज सकाळी नळाच्या पाण्याचा पीएच मोजायची सवय काही सुटली नाही. मोजून झाले की त्या आकडा मोठ्याने सांगत. ऐकायला समोर भिंत असे.

त्यांनी ठेवणीतले कपडे घातले, मोजणीयंत्र पेटीत ठेवले आणि निघाल्या. आपल्याला कोणी आठवले, याचा आनंद चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्या सगळा रस्ता कपाळाला आठ्या घालून चालल्या.

साफसफाईच्या खोलीत संचालक होतेच. शंख न्यायला आलेली अभ्यासक बाईही होती, तरुण, दमलेली, रिकाम्या हाताने परत कसे जायचे या काळजीत. आणि खिडकीपाशी, पाठमोरा, गणित उभा होता.

गणित म्हणजे प्रयोगशाळेतल्या समोरच्या टेबलावरचा माणूस. हिशेब गणिताने करायचा, मोजायचे लिटमसने, अशी वाटणी पहिल्या दिवशी झाली आणि शेवटच्या दिवसापर्यंत टिकली. उलट्या पिळाचा शंख गणिताच्या बायकोला सापडला होता. ती समुद्रात पोहायला जायची, आणि एकदा मूठ बंद करूनच बाहेर आली होती. तिने तो संग्रहालयाला भेट दिला. ती गेल्यावर गणित इथे विनामोबदला मदतीला येऊ लागला. लिटमसबाई तेव्हा त्याला भेटायला गेल्या होत्या. तो म्हणाला होता, येईन कधीतरी. त्यानंतर त्याचे येणे झाले नाही, आणि बाईंनीही विचारले नाही.

आता तो वळला. डोळे सुजलेले होते. “आलीस,” तो म्हणाला. बाईंनी मान हलवली. ज्याचे कोणी गेले त्याच्याशी काय बोलायचे, हे त्यांना कधीच जमत नसे.

संचालकांनी टबाचे झाकण काढले. पाण्यावर एक पातळ पांढरी साय धरली होती, दूध निवल्यावर धरते तशी. संचालकांनी ती बोटाने दाखवली आणि म्हणाले, “बघा, हा शंखाचा चुना. आता मोजायला तरी काय उरलं?”

बाई साय बघत राहिल्या. मग त्यांनी यंत्राची काचेची कांडी पाण्यात बुडवली आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबल्या. त्यांनी यंत्र धुतले, पुसले, पुन्हा बुडवले. मग पेटीतून रंगपट्टी काढून तीही बुडवली. पट्टी गडद निळी झाली.

“किती?” संचालकांनी विचारले.

“यंत्र थंड पडलंय,” बाई म्हणाल्या. “जरा वेळ लागेल. तोवर मला सगळ्यांशी एकेकटं बोलायचंय.”

यंत्राला काही झालेले नव्हते. त्याने अकरा दाखवले होते, आणि अकरा हा आकडा कुठलाही शंख आणू शकत नाही.

३

शंख आम्ल खातो, म्हणजे स्वतः विरघळून आम्ल संपवत जातो. आम्ल आहे तोवर तो खाईल. संपले की थांबेल, आणि उरलेला शंख तळाशी बसून राहील. पाणी फार तर आठाच्या जरा पुढे सरकेल. सात म्हणजे मध्य, खाली आम्ल, वर अल्क. अकरापर्यंत जायला कोणीतरी अल्कच ओतावे लागते. तशी पांढरी सायही आम्लावर एक क्षण टिकली नसती.

म्हणजे कोणीतरी टबात कॉस्टिक सोडा घातला होता. तो संग्रहालयातच होता, मोऱ्या साफ करायच्या सामानाच्या कपाटात, कुलूप नसलेल्या.

बाई आधी अभ्यासक बाईकडे गेल्या. ती सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी विसरलेली छत्री न्यायला साफसफाईच्या खोलीत गेली होती, हे तिने न विचारताच सांगितले. शंख मिळाला असता तर तिचा पुढचा अभ्यास त्याच्यावरच चालणार होता. मग तो चोरून काय लपवून बघणार होती का, असे तीच वैतागून म्हणाली. बाईंना ते पटले, पण पटणे आणि सिद्ध होणे यात त्या फरक करत.

संचालकही त्या संध्याकाळी कागद न्यायला आले होते. गणित कुंड्यांना पाणी घालायला आला होता. साफसफाईच्या खोलीला कुलूप नसे, आत काय चोरण्यासारखे असते? तिघेही आत जाऊ शकत होते. चौथे काका, ते तर भिंतीपलीकडेच.

काका ट्रंकेवरच बसलेले होते. बाईंनी विचारले, त्या संध्याकाळी किंवा नंतर काही आवाज आला का. काका म्हणाले, कसलाच नाही. शिंपला आम्लात पडला की फसफसतो, फळ्यांच्या भिंतीतून ती फसफस त्यांना अंथरुणातही ऐकू येते, तिच्यावर त्यांना झोप चांगली लागते. सुट्टीत मात्र अगदी सामसूम होती.

बाईंनी ते नोंदवून ठेवले. खडूची पूड टाकून आम्ल संपवले असते तरी फसफस झाली असती. कॉस्टिक सोडा आवाज करत नाही. ओतणाऱ्याला काकांचे कान ठाऊक होते.

“काका, टब ताजा होता ना?”

“नियमच आहे. मौल्यवान वस्तूला दर वेळी ताजं आम्ल. पाच लिटर, पीएच एक.”

“नियम मी नाही विचारला.”

काकांनी खिडकीकडे पाहिले. कट्ट्यावर छोटे छोटे शिंपले ओळीने मांडलेले होते, स्वच्छ, कुठलेच विशेष नव्हते. संध्याकाळी किनाऱ्यावर फिरताना वेचलेले.

“हे कुणाचे?” बाईंनी विचारले.

काकांनी ओळीतला एक शिंपला सरळ केला. मग म्हणाले, “हे सांगितलं तर मला आजच काय, आत्ताच हाकलतील.”

४

सांगितले ते असे. टब भरून झाल्यावर, शंख खणात ठेवल्यावर, काकांनी आपले शिंपले आधी त्या ताज्या आम्लात घासून घेतले. संग्रहालयाचे आम्ल घरच्या कामाला वापरायची सक्त मनाई होती. दोन-तीन पातळ शिंपले तर हातातच विरघळून गेले. शंखाच्या वेळी टब नवा भरायचा, असे त्यांनी ठरवले होते.

“किती गेले असतील? वजनाने?”

काकांनी कट्ट्यावरचे पाच-सहा शिंपले उचलून बाईंच्या तळहातावर ठेवले. “साधारण एवढे.”

बाईंनी हात वरखाली केला. पाचेक ग्रॅम. त्या काकांच्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि पेटीच्या झाकणावर खडूने हिशेब मांडू लागल्या. हिशेब हे त्यांचे काम नव्हे, त्यामुळे त्या हळू करत होत्या.

पाच लिटर, पीएच एक. एवढ्या आम्लाची भूक भागवायला पंचवीस ग्रॅम शंख लागतो. शंख वीस ग्रॅमचा. तो खरोखर विरघळला असता तर आम्लाचा पाचवा हिस्सा उरला असता. आणि पाचवा हिस्सा उरला म्हणजे पीएच पाच होत नाही, इथेच माणसे फसतात. पीएचच्या जिन्यावर एक पायरी चढायला आम्ल दहा पटीने कमी व्हावे लागते. पाच पटीने कमी झाले तर पाऊण पायरीही पुरी नाही. एकाचे होणार एक पूर्णांक सात. एवढा शंख पोटात गेला तरी आम्ल दिसणार जवळजवळ होते तसेच, आंबटढोण.

आता कोणी वीस ग्रॅम शंखाच्या तोडीस तोड कॉस्टिक सोडा घातला, तर ताज्या टबातही तेच येईल, एक पूर्णांक सात. पण टब ताजा नव्हता. पाचेक ग्रॅमची भूक काकांच्या शिंपल्यांनी आधीच भागवली होती. उरली होती विसापेक्षा जेमतेम कमी. सोडा विसाच्या हिशेबाने पडला. आम्ल सगळे संपले आणि चिमटीत मावेल एवढा सोडा वर उरला. पाच लिटरमध्ये तेवढी चिमूट पीएच अकरावर न्यायला पुरते.

बाई थांबल्या. ओतणाऱ्याने अंदाजपंचे ओतले नव्हते. त्याने शंखाच्या वजनाचा, ताज्या टबाचा, चोख हिशेब केला होता. आणि तो हिशेब अशा माणसासाठी केला होता, जो येऊन मोजणार होता.

त्या उठल्या आणि तिघांना एकच प्रश्न विचारायला निघाल्या: शंख विरघळला असेल, तर टबात आता पीएच किती यायला हवा?

संचालकांच्या मते पीएच म्हणजे परीक्षेतले गुण होते. एक म्हणजे नापास, चौदा म्हणजे पहिला नंबर. शंखासारखी वस्तू मिसळल्यावर दर्जा सुधारणारच, तेव्हा नऊ तरी. अभ्यासक बाईने टबात किती लिटर मावतात ते विचारले, कागद मागितला, खोडले, पुन्हा लिहिले आणि अडीच सांगितले. चूक होती, पण प्रामाणिक चूक.

गणित वाचनखोलीत एकटाच बसला होता. बाईंनी उंबऱ्यातूनच विचारले.

“एक पूर्णांक सात,” तो म्हणाला.

बरोबर होते. बाई तिथेच उभ्या राहिल्या. हा माणूस प्रयोगशाळेत चहाचे कप किती सांगायचे यालाही कागद घ्यायचा. तोंडी हिशेबावर त्याचा विश्वास नव्हता, स्वतःच्यासुद्धा. आणि आज त्याने टब केवढा हेही विचारले नव्हते.

जाता जाता त्यांनी संचालकांना आणखी एकच गोष्ट विचारली. मोजायला मला बोलवा, हे कोणी सुचवले?

“गणितराव म्हणाले,” संचालक म्हणाले. “लिटमस आली की प्रश्न मिटला, तिच्या आकड्याला कोणी हात लावत नाही, असं म्हणाले.”

बाईंचा चेहरा लाल झाला, आणि या वेळी कोणी आंबट बोललेले नव्हते.

५

त्या वाचनखोलीत परत गेल्या आणि दार लावून घेतले. टेबलाच्या पलीकडे तो, अलीकडे त्या. तशाच बसल्या, जशा आयुष्यभर बसत आल्या होत्या.

“अकरा आलंय,” त्या म्हणाल्या.

त्याने आधी ऐकले नसल्यासारखे केले. मग खिशातून पेन्सिल काढली, टेबलावरचा कागद ओढला, आणि लिहू लागला. पाच लिटर, शंख वीस, सोडा सोळा ग्रॅम. त्याने दोनदा तपासले.

“शक्य नाही,” तो म्हणाला. “एक पूर्णांक सातच यायला हवं.”

“काकांनी आपले शिंपले आधी बुडवले होते.”

तो कागदाकडे बघत राहिला. “म्हणजे हिशेब बरोबर होता.”

“हिशेब तुझा कधी चुकला? ओतल्यावर मोजायचं राहिलं.”

“मोजायचं,” तो म्हणाला, आणि पेन्सिल खाली ठेवली. “मला सुचलंच नाही गं. हिशेब झाला की माझं काम संपायचं. पुढचं तू करायचीस.”

मग तो बोलत गेला. शंख मोठ्या शहरात जाणार हे कळल्यावर त्याने संचालकांकडे तो एका रात्रीपुरता घरी न्यायला मागितला होता. संचालकांनी नियम दाखवला. बायकोचे कपडे वाटून झाले होते, तिचा आवाज आठवेनासा झाला होता. तिच्या बंद मुठीतून निघालेली ती एक वस्तू उरली होती, आणि तीही रोज काचेपलीकडून बघायची. चोरी म्हटली असती तर पहिला त्याच्यावरच संशय आला असता. म्हणून अपघात. अपघाताला कोणी दोषी नसतो, असे त्याला वाटले होते.

“काका ट्रंकेवर बसलेत,” बाई म्हणाल्या. “संध्याकाळी त्यांना बाहेर काढणार आहेत. तुला माहीत होतं?”

“सकाळी कळलं.”

“आणि आता दुपार कलली.”

बराच वेळ त्याने शर्टाच्या आतल्या खिशावर हात धरून ठेवला. मग हात आत घातला, आणि शंख टेबलावर ठेवला. सुट्टीभर तो अंगावरच होता. उबदार लागला.

“तुला एक सांगू?” तो म्हणाला. “तुला बोलावलं ते नुसतं आकड्यासाठी नव्हतं. वाटलं, तू येशील, मोजशील, एक पूर्णांक सात म्हणशील. मग आपण कुठेतरी चहा घेऊ.”

“मला साक्षीला बोलावलंस,” बाई म्हणाल्या. “खोट्या साक्षीला. माझ्या आकड्याला कोणी हात लावत नाही, म्हणून.”

त्याने हिशेबाचा कागद पालथा घातला.

“मी सांगू संचालकांना, की तू सांगतोस?”

“काकांचे शिंपले?”

“ते मोजायला मला कोणी सांगितलेलं नाही.”

तो उठला. दारापर्यंत गेला, परत आला, शंख घेतला, आणि गेला.

६

संचालकांनी शंख मिळाल्याचा आनंद आणि तो कुठे मिळाला याची धास्ती, दोन्ही एकाच चेहऱ्यावर बसवायचा प्रयत्न केला. बभ्रा कोणालाच नको होता. शंख त्याच संध्याकाळी अभ्यासक बाईबरोबर मोठ्या शहराला निघाला, तिने तो कापसात गुंडाळून मांडीवर घेतला होता. गणिताने पुन्हा संग्रहालयात पाऊल ठेवायचे नाही, असे ठरले. काकांना सांगण्यात आले की खोली तुमचीच आहे. माफी कोणी मागितली नाही, संचालकांना ती येत नसावी. काकांनी ट्रंक पलंगाखाली लोटली आणि शेगडी पेटवायला घेतली. बाई निरोप घ्यायला गेल्या तेव्हा ते म्हणाले की शंख आम्लात पडलाच नव्हता, हे त्यांना आधीच माहीत होते, पण इतक्या जणांनी सांगितल्यावर दुपारी त्यांचेच त्यांना खात्रीने वाटेनासे झाले होते.

“तसं होतं,” बाई म्हणाल्या. “एकटं असलं की होतं.”

फाटकाबाहेर गणित उभा होता. त्याच्या हातात काही नव्हते, आणि हातांचे काय करायचे ते त्याला कळत नव्हते. आता सकाळी उठून तो कुठे जाणार, हा विचार बाईंच्या मनात आला, आणि तो आल्याचा त्यांना राग आला.

दोघांचे रस्ते कोपऱ्यापर्यंत एकच होते. दोघे चालू लागले. दुकाने दिवे लावत होती. कोपऱ्यावर तो थांबला.

“पोचवायला येऊ का घरापर्यंत?”

बाईंनी वाचनखोलीतून निघतानाच उत्तर ठरवून ठेवले होते. एका शब्दाचे उत्तर होते, नको. तो कधीही विचारो, काहीही विचारो, एवढेच म्हणायचे आणि चालू लागायचे.

“आज नको,” त्या म्हणाल्या, आणि घराच्या गल्लीत वळल्यावर त्यांच्या लक्षात आले की आपण एक शब्द जास्त बोललो.